कट्ट्यावर आलेली भांडी

पत्रक लिहायला मी संगमनेरला कॉलेजात असताना शिकले. मथळा ठळक, वाक्यं तोकडी, शेवटी मागणी. उद्गारचिन्हांची काटकसर करायची नाही. एवढ्या शिदोरीवर मी संघटनेच्या कामाला, सरकारी शाळा वाचवायला, जिल्ह्याच्या या टोकाला, खर्ड्याजवळच्या एका वस्तीवर आले आणि पहिलं पत्रक काढलं: ‘पिवळी व्हॅन तुमचं पोर कुठं नेते?’

व्हॅन रोज सकाळी वस्तीच्या फाट्यावर थांबायची आणि पोरं गोळा करून तालुक्याच्या रस्त्यावरच्या एका इंग्लिश मीडियमला न्यायची. वस्तीची स्वतःची शाळा फाट्यापासून हाकेच्या अंतरावर. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन खोल्या आणि एक चिंच. शिक्षक दोन. सर बहुतेक दिवस तालुक्याला मीटिंगला, नाहीतर कसली तरी ऑनलाइन माहिती भरायला गेलेले. मॅडम चारही वर्गांना एकट्या पुरून उरायच्या. पट अजून थोडा घसरला की एक शिक्षक उचलणार हे ठरलेलं होतं, आणि उचलणार ते मॅडमना, कारण त्या नंतर आल्या होत्या. पोरं व्हॅनमध्ये बसतात म्हणून शिक्षक कमी करायचा, आणि शिक्षक कमी झाला म्हणून आणखी पोरं व्हॅनमध्ये बसणार! हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला एक दिवस चारही वर्ग एकदम शिकवायला बसवावं, हे माझं मत तेव्हा होतं आणि आजही आहे.

माझं पत्रक मात्र कुणी वाचलं नाही. पुढच्या आठवड्यात खर्ड्याच्या बाजारात मला त्यातच भेळ मिळाली. मथळा तेलकट झाला होता. भेळ चांगली होती.

वस्तीवर काय करायचं ते पत्रकावर ठरत नव्हतं, पिठाच्या गिरणीवर ठरत होतं. गिरणी चालवायची एक काकू. नवरा ट्रॅक्टरवर, म्हणून मोटर, पट्टा, जातं सगळं तिच्याच हातात. दळण घेऊन बाया यायच्या, आपला नंबर येईपर्यंत डब्यावर बसायच्या आणि काकू मोटरच्या आवाजावर आवाज काढून जे बोलायची ते घरोघर जायचं. तिची पोरगी आमच्या तिसरीत. आणि जानेवारीतच काकूनं मॅडमना सांगून टाकलं होतं की निकाल लागला की पोरीचा दाखला काढणार, जूनपासून व्हॅन. दाखल्याच्या अर्जाचा कोरा कागदही ती सरांकडून घेऊन गेली होती. तिची पोरगी गेली की समोरच्या दोन घरांतली पोरं जाणार, आणि ती गेली की मॅडमही.

पण सगळ्यात आधी प्रश्न त्या पोरीचाच होता. मागच्या वर्षी ती दीड महिना व्हॅननं जाऊन आली होती. रोज पुलाच्या वळणावर ओकायची. वर्गात तिला न पाहिलेल्या फळांची नावं पाठ करायला लावायचे, आणि ही उभी राहून भिंतीकडं बघायची. त्या दीड महिन्यात ती तिथं कुणाशी एक शब्द बोलली नाही. परत आली तीही गप्पच. माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती चिंचेखाली, चप्पल हातात घेऊन.

“ताई, मला व्हॅन नको.”

“मग आईला सांग ना.”

“सांगितलं. आई म्हनती आता मोटी झालीस, आता न्हाई ओकत.” मग जरा थांबून, “आईचं पन खरंय.”

आईचं काय खरं होतं ते विचारायला मी गिरणीवर गेले. जाताना पत्रकातले सगळे मुद्दे तोंडपाठ होते. काकूनं ऐकून घेतलं. तिच्या पापण्यांवरसुद्धा पीठ बसलेलं होतं.

“झालं का बोलून? आता माजं ऐका. बँकेतल्या पोरानं इंग्रजी कागद पुढं केला की मी म्हनते, चष्मा इसरले. मला चष्मा हाय का? न्हाई. सात वर्सं झाली मी चष्मा इसरतेय. माज्या पोरीनं आसं खोटं बोलू न्हाई. बास. तुमच्या शाळंत येतंय का इंग्रजी? कविता म्हनतेत, टाळ्या वाजवितेत. त्याला मी इंग्रजी म्हनू का?”

मी दळण नसताना गिरणीवरून पीठ लागलेली परत आले.

ॲप मॅडमनी शोधून काढलं. मी आधी विरोध केला, सवयीनं. शिक्षक द्यायचे सोडून मोबाईल देणाऱ्यांविरुद्ध मी कितीतरी कागद काळे केले होते. मॅडम म्हणाल्या, “ताई, शिक्षक येतील तेव्हा येतील. शनिवारी अर्धा दिवस शाळा असते, तुमचा फोन द्या.” ॲप म्हणजे शोधाशोधीचा खेळ होता. फोन एक इंग्रजी शब्द म्हणून दाखवणार, पोरांनी ती वस्तू शोधायची, तिचा फोटो काढायचा. बरोबर असेल तर पडद्यावर एक पोपट नाचणार.

पहिल्या शनिवारी फोननं पहिला शब्द दिला: कार्पेट. मग टोस्टर. मग बाथटब. पोरं बिचारी वस्तीभर धावून आली. एकानं गोणपाटाचा फोटो काढला, एकीनं तव्याचा. बाथटबला त्यांनी जनावरांचा हौद दाखवला. पोपटानं नाचायला साफ नकार दिला. माझ्या कपाळाची शीर तडतडली. ज्यानं हे बनवलं त्यानं घर म्हटल्यावर कुणाचं घर डोळ्यांपुढं आणलं? आमच्या पोरांच्या घरातल्या शंभर वस्तूंना इंग्रजीत नावंच नाहीत का? मी तिथंच कंपनीला पत्र लिहायला बसले. मॅडमनी मधल्या वेळात सेटिंग चाळून काढली आणि म्हणाल्या, “इथं आपली यादी आपण घालू शकतो. फक्त बरोबर-चूक मग आपणच ठरवायचं.” पत्र राहून गेलं.

मग आमची यादी झाली. बादली, चाळण, दोरी, झाकण, वाटी, उलथनं, तांब्या, डबा, टोपली, विळी. विळीवर मी आणि मॅडम अर्धा तास अडलो, शेवटी फळ्यावर वाक्यच लिहिलं: जिच्यावर बसून चिरतात ती सुरी.

दुसरी अडचण नेटवर्कची. ॲप सांगत होतं फोन घेऊन वस्तूपर्यंत जा. वस्तीत फोन घेऊन गेलं की फोनचा दगड व्हायचा. रेंज धरायची ती एकाच जागी, शाळेच्या पुढच्या कट्ट्याच्या उजव्या कोपऱ्यात. म्हणून आम्ही खेळ उलटा केला. फोन कट्ट्यावर राहणार, वस्तू फोनकडे येणार. दुसऱ्या शनिवारी दहाच्या सुमाराला अख्ख्या वस्तीची भांडी शाळेकडं निघाली. डोक्यावर परात घेतलेली दुसरीतली पोरगी, गळ्यात दोर घातलेली दोन भावंडं, आणि बादलीत छोट्या भावालाच बसवून आणणारा एक. तो भाऊ यादीत नव्हता. पोपट मात्र सगळ्यांना नाचला, कारण पोपट आता आमच्या हातात होता.

गिरणीवाल्या काकूची पोरगी झाकणाचा पितळी डबा घेऊन आली होती. ‘लिड’ म्हणताना तिनं झाकण उचललं आणि ‘बॉक्स’ म्हणताना परत ठेवलं, आणि हे तिनं कुणी न सांगता चारदा केलं.

दुपारी बाराला आम्ही भांडी स्वच्छ पुसून ज्याची त्याच्या घरी परत पाठवली. खूश होते मी. सोमवारी शाळेत आले तर मॅडमचा चेहरा पडलेला. वस्तीतून निरोप होता: यापुढं शाळेला भांडं मिळायचं नाही.

मी तडक गिरणीवर.

“काय ओ ताई,” काकूनं मोटर बंद केली. तिनं मोटर बंद करणं म्हणजे कोर्ट बसणं. “शाळंत येक शेंगदाना बी न्हवता का?”

“कसला शेंगदाणा?”

“माज्या माह्येरचा डबा हाय त्यो. रिकामा पाठविला माज्या दारात! भरल्या घरचं भांडं. ह्या म्हातारीची परात रिकामी, त्या समूरच्या वैनीचा तांब्या रिकामा. तुमच्या आईनं शिकवलं न्हाई का काई?”

डब्यावर बसलेल्या म्हातारीनं भर घातली, “शिकल्याली हाय ना ती. म्हनून.”

बाया हसल्या. मला कानापर्यंत गरम झालं. कारण शिकवलं होतं. आमच्या घरी शेजारची वाटी आली तर आई चिमूटभर साखर तरी टाकल्याशिवाय परत करत नाही. मीच लहानपणी साखर टाकलेल्या वाट्या पोचवत हिंडले आहे. पण शाळा म्हटल्यावर ते माझ्या डोक्यातही आलं नाही, आणि मॅडमच्याही नाही. घरी पाळायचं ते कामावर विसरायचं, ही सरकारी खोड आम्हाला कधी लागली कळलंच नाही. वस्तीकडून मागून नेलं, वापरलं आणि कोरडं परत केलं. मी ज्यांच्याविरुद्ध पत्रकं काढत होते ते याहून वेगळं काय करत होते?

“चुकलं काकू,” मी म्हणाले. एवढं छोटं वाक्य मी त्याआधी सार्वजनिक ठिकाणी कधी बोलले नव्हते.

“हां. मग पुढच्या खेपेला बगू,” काकू म्हणाली आणि मोटर चालू केली.

आता भांड्यात काय टाकायचं? खिचडीचा तांदूळ पोरांचा, त्याला हात लावायचा नाही, असं मॅडम म्हणाल्या आणि ते बरोबर होतं. शेवटी ते आम्ही पोरांनाच विचारलं. एक म्हणाला खडे टाकू. त्याला बसवलं. गिरणीवाल्या काकूची पोरगी वर बघत होती. तिनं बोट केलं. शाळेची चिंच लगडलेली होती.

“आन चिठ्ठी,” ती म्हणाली.

“कसली चिठ्ठी?”

“भांड्याचं नाव. इंग्रजीतलं. घरी कळलं पायजे ना, भांडं शाळंत कशाला गेल्तं.”

मी आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात छोटं पत्रक ते. तळहाताएवढा कागद, त्यावर एक शब्द, इंग्रजी अक्षरात, खाली मराठी अक्षरात उच्चार. मागणी नाही, उद्गारचिन्ह नाही. चिठ्ठ्या मी माझ्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायला लागले. दर शनिवारी प्रत्येक भांड्यात चिंचेचे दोन आकडे आणि एक चिठ्ठी. ज्यानं भांडं आणलं त्यानंच ते परत न्यायचं, आणि दारात उभं राहून चिठ्ठी वाचायची. वाचल्याशिवाय आत घ्यायचं नाही, हा नियम बायांनीच काढला.

मग काय गंमत सुरू झाली ती विचारू नका. म्हातारीला राग आला की तिची परात दोन शनिवार झाले मागायला कुणी आलं नाही. समोरची वहिनी तांब्या घासून आदल्या दिवशीच दारात मांडून ठेवायला लागली. चिंचेचं कुणाला कौतुक नव्हतं, चिंच सगळ्यांच्या बांधावर होती. पण ‘आज काय आलं?’ असं एकमेकींना विचारायच्या, आणि त्याचं उत्तर चिंच नसायचं. चिठ्ठ्या गिरणीच्या भिंतीवर गेल्या. पोरीनं पिठाची खळ करून चिकटवल्या. दळणाला बसलेल्या बाया त्या बघत बसायच्या, दुसरं बघायला काय होतं? मार्चमध्ये ऊसतोडीवरून पहिली घरं परतली, आणि परतलेल्या पोरांना सगळ्यात आधी भिंतीजवळ उभं केलं गेलं, तेही त्यांच्या आयांनी.

काकू मात्र भिंतीबद्दल माझ्याशी अवाक्षर बोलत नव्हती. मी एकदा विचारलं, “काकू, दाखल्याचं काय?”

“निकालाला वेळ हाय,” ती म्हणाली, “आन माज्या भिताडावर तुमचं बादली-तांब्याच हाय. बँकेत बादली इचारतेत का?”

खरं होतं. मला राग आला, पण खरं होतं. बादलीनं पुलाचं वळण टळत नव्हतं. त्या रात्री खोलीवर मी यादी पुढं घेऊन बसले, आणि काही सुचलं नाही.

मला जे सुचलं नाही ते पोरीला सुचलं. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी ती माझा डबा मागून घेऊन गेली आणि तासाभरानं तो दोन्ही हातांनी उचलत परत आली. तिनं तो कट्ट्यावर उपडा केला. गिरणीतल्या जुन्या वस्तू होत्या. तुटक्या पट्ट्याचा तुकडा, एक झिजलेलं बेअरिंग, नट, बोल्ट, वॉशर, स्विच, वायर, ब्रश, एक फ्यूज. मग ती उभी राहिली. भिंतीकडं तोंड करून नाही, पोरांकडं.

“हे तुमाला सगळ्यास्नी येतंय,” ती म्हणाली. “फक्त इंग्रजी हाय हे म्हाईत न्हवतं.” आणि पट्टा उचलून, “बेल्ट. लाँग. ब्लॅक. ओल्ड.”

तिची आई दिवसभर मोटर, बेल्ट, स्विच, स्टार्टर, फ्यूज, लूज, टाइट याशिवाय बोलत नव्हती. वस्तीतल्या ट्रॅक्टरवाल्यांच्या तोंडी निम्मं गॅरेज होतं. आम्ही इंग्रजी शोधायला घरात शिरलो आणि वाटी-चमच्याशीच थांबलो. जे आधीच तोंडात होतं ते आम्हाला ऐकूच आलं नाही. पोरीला आलं, कारण ती त्या मोटरशेजारी झोपत होती.

ती बेअरिंगपर्यंत पोचली होती, ‘राउंड, हेवी’ चाललं होतं, तेवढ्यात फाटकातून काकू आली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, पदर खोचलेला, आणि तरातरा.

“कुटंय ती? गिरन बंद पाडली माजी! फ्यूज उडाला, जादाचा ठिवल्याला घ्यायला गेले तर जागंवर न्हाई. बाया खोळंबल्यात तिकडं!”

मॅडम उठल्या. पोरीनं आईकडं पाहिलं. मला वाटलं, झालं, आता पुन्हा भिंत. पण ती थांबली नाही. बेअरिंग खाली ठेवलं, फ्यूज उचलला आणि जरा मोठ्यांदा म्हणाली, “फ्यूज. व्हाइट. स्मॉल. धिस इज माय मदर्स फ्यूज.”

पोरं तिच्यामागून ओरडली, धिस इज माय मदर्स फ्यूज. आधी कुणी न सांगितलेलं वाक्य ते. ती पुढं नट, मग बोल्ट, मग वॉशर करत राहिली. काकू फाटकाजवळच्या खांबाला हात लावून उभी राहिली. खांबावर पिठाची पाच बोटं उमटली. ब्रशपर्यंत सगळं ऐकून घेतलं, आणि मग म्हणाली,

“झालं का? दे आता. बाया शिव्या देत्याल.”

फ्यूज घेऊन ती आली तशी तरातरा गेली. बाकीचं सामान पोरगी माझ्या डब्यात भरून घरी घेऊन गेली, चिठ्ठ्यांसकट.

डबा काही परत आला नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. मी भाकरी प्लास्टिकच्या पिशवीत आणायला लागले. मॅडम म्हणायच्या, मागून घ्या ना. पण डबा मागायला गेले की दुसरंही काहीतरी विचारल्यासारखं होणार, आणि त्याचं उत्तर ऐकायचं धाडस, खरं सांगते, मला नव्हतं. मी मोर्चात पुढं असते. तरी नव्हतं. पोरीला विचारलं तर ती म्हणाली, “आईनं फळीवर ठिवलाय. म्हनती, राहू दे.” तिचं तोंड एवढंएवढं झालं होतं. व्हॅनवाला त्या आठवड्यात गिरणीवर येऊन गेला होता.

निकालाच्या दिवशी सर चक्क शाळेत होते. टेबलावर प्रगतिपुस्तकं, बाजूला दाखल्यासाठी आलेले अर्ज. अर्ज एकच होता, समोरच्या वहिनीच्या मुलाचा. त्याचा बाप म्हणाला, घर आता तालुक्याला हलतंय, इलाज नाही. मॅडम खिडकीतून फाट्याकडं बघत होत्या. मीही.

काकू आली साडेदहाला. लुगडं नवं, पापण्यांवर पीठ तेच. प्रगतिपुस्तक तिनं पोरीला वाचायला लावलं, स्वतः फक्त ‘हां’ म्हणत गेली. मग पिशवीतून माझा डबा काढून टेबलावर ठेवला.

“ताई, तुमचं भांडं. उशीर झाला. रिकामं कसं द्यायचं, म्हनून राहिलं.”

शेंगदाण्याचे लाडू होते, गुळाचे, गच्च भरलेले. सरांनी मीटिंगची सवय दाखवली आणि पहिला उचलला. दुसरा मॅडमनी. तिसरा मी उचलला तेव्हा खाली कागद दिसला. डब्याच्या तळाला घडी करून घातलेला, तेलानं पारदर्शक झालेला. दाखल्यासाठी अर्ज, असं वर छापलेलं. पोरीच्या नावाची जागा कोरी.

“काकू, हा कागद…”

“लाडवाखाली काय तरी लागतंय ना. दुसरा न्हवता घरात.”

पोरगी कागदाकडं बघत होती. मग तिनं आईकडं पाहिलं.

“आन बग,” काकू तिला म्हणाली, “पुढच्या शनवारी फ्यूज न्हेलास तर तंगडं मोडीन.”

“आता सुट्टी हाय, आई.”

“मग जूनात.”

मॅडम लगबगीनं फळा पुसायला वळल्या. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. जूनमध्ये व्हॅन फाट्यावर थांबली, वस्तीतलं नवं कुणी चढलं नाही, आणि मॅडम अजून चारही वर्ग शिकवतात. ते चूकच आहे, त्यावर माझं नवं पत्रक तयार आहे, आणि या वेळी काकूनं ते गिरणीच्या भिंतीवर, ‘बकेट’च्या शेजारी लावायचं कबूल केलं आहे. तिची अट एकच: मथळा लहान करा, जागा कमी हाय.

डबा मी त्या दिवशी धुऊन घेतला. घरी नेताना लक्षात आलं, आता माझी पाळी. दुसऱ्या दिवशी त्यात चार करंज्या घालून मी परत गिरणीवर.